लष्करी वापरासाठी दणकट पॉवर सप्लाय: पहिल्यांदाच डिझाइन करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

लष्करी पॉवर सप्लायचं पहिलं काम हातात येतं तेव्हा कागदावर सगळ्यात वर आउटपुट लिहिलेलं असतं: १२ व्होल्टला इतके अँपिअर, ५ व्होल्टला इतके अँपिअर. साहजिकच नवा माणूस तिथूनच सुरुवात करतो. कंट्रोलर आयसी निवडतो, ट्रान्सफॉर्मर काढतो, फीडबॅक लूप जुळवत बसतो. पण हा भाग सगळ्यात सोपा आहे आणि कुठल्याही चांगल्या औद्योगिक सप्लायपेक्षा फारसा वेगळा नाही. काम अडतं ते दोन प्रश्नांवर. आत येणारी वीज किती वाईट वागू शकते? आणि आत तयार झालेली उष्णता कुठल्या वाटेने बाहेर जाणार? या दोन्हींची उत्तरं आकड्यांत हाती आल्याशिवाय स्कीमॅटिकला हात लावू नका.

ज्या क्रमाने काम केलं की चाचणीच्या वेळी पस्तावावं लागत नाही, तो क्रम खाली देत आहे. हिशेब समजावा म्हणून सगळीकडे एकच उदाहरण धरू: इनपुट २८ व्होल्ट डीसी, आउटपुट १०० वॉट, कार्यक्षमता ८५ टक्के. म्हणजे इनपुटला साधारण ११८ वॉट लागणार आणि १८ वॉट उष्णता होणार.

सुरुवातीला हाताशी काय हवं

कागदपत्रं:
- सप्लाय ज्या वाहनात, विमानात किंवा जहाजात बसणार त्याच्या विजेचं स्पेसिफिकेशन, आवृत्तीच्या अक्षरासकट
- इंटरफेस कंट्रोल डॉक्युमेंट: कनेक्टर, पिना, ग्राउंड कुठे जोडायचा, डबा कुठल्या पृष्ठभागावर बसणार
- ईएमआयच्या (विद्युतचुंबकीय हस्तक्षेपाच्या) नेमक्या कोणत्या चाचण्या लागू आहेत आणि कोणत्या मर्यादेने
- पर्यावरणाच्या अटी: तापमान, उंची, कंपनं, धक्के, क्षार, धूळ
- लोडचं वर्तन: सरासरी करंट, शिखर करंट, कोणती रेल (आउटपुट व्होल्टेजची लाइन) आधी चालू व्हायची
- निषिद्ध भाग आणि प्रक्रियांची यादी

साधनं: सर्ज देऊ शकेल असा प्रोग्रामेबल डीसी सोर्स, इलेक्ट्रॉनिक लोड, ५० मायक्रोहेन्रीचे दोन लिझन (लाइनवरचा गोंगाट मोजण्यासाठी सोर्स आणि सप्लाय यांच्यामध्ये लावायचं सर्किट), स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर, लूप आणि इम्पीडन्स मोजायला फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स अ‍ॅनालायझर, थर्मल कॅमेरा आणि उष्ण-शीत चेंबर. चेंबर भाड्याने मिळाला तरी चालतो. लिझन मात्र स्वतःच्या टेबलावरच हवेत, कारण ते रोज लागतात.

१. कोणतं स्टँडर्ड आणि कोणती आवृत्ती, हे लेखी घ्या

अमेरिकी लष्कराची मानकं अशी: जमिनीवरच्या २८ व्होल्टच्या वाहनांसाठी मिल-स्टँडर्ड-१२७५, विमानांसाठी मिल-स्टँडर्ड-७०४, जहाजांवरच्या एसी विजेसाठी मिल-स्टँडर्ड-१३९९ चा विभाग ३००. ईएमआयसाठी ४६१, पर्यावरणासाठी ८१०. ब्रिटनचे डेफ स्टॅन आणि भारताचं जेएसएस ५५५५५ यांसारखी इतर देशांची स्वतःची मानकंही आहेत. ग्राहकाने नाव घेतलं असेल तेच धरा, 'साधारण तसंच असतं' म्हणून दुसरं वापरू नका.

आवृत्तीच्या एका अक्षराने डिझाइन बदलतं. १२७५ ची डी आवृत्ती २००६ ची, ई आवृत्ती २०१३ ची. डी मध्ये इंजिन सुरू होताना व्होल्टेज क्षणभर ६ व्होल्टपर्यंत खाली जाऊ शकतं, ई मध्ये १२ व्होल्टपर्यंत. त्यानंतर क्रँकिंग (स्टार्टरने इंजिन फिरवणं) चालू असेपर्यंत, म्हणजे ३० सेकंदांपर्यंत, १६ व्होल्ट धरायचे. आपल्या उदाहरणात १६ व्होल्टला ७.४ अँपिअर लागतात, १२ ला जवळपास १० आणि ६ ला सुमारे २०. फ्यूज, इंडक्टरचं सॅच्युरेशन, ट्रॅकची रुंदी, कनेक्टरच्या पिना, सगळं या एका आकड्यावर ठरतं.

म्हणून पहिल्याच बैठकीत विचारा: इंजिन सुरू होताना उपकरण चालू राहायलाच हवं, की बंद पडून आपोआप पुन्हा सुरू झालं तरी चालेल? दुसरा पर्याय मान्य झाला तर सप्लायचा आकार आणि किंमत दोन्ही उतरतात. हा प्रश्न उशिरा विचारला तर कुणीच सूट देत नाही.

२. सर्जचा हिशेब ज्यूलमध्ये करा

नव्या डिझाइनचा सगळ्यात जास्त घात इथे होतो, म्हणून इथे थोडं थांबू.

१२७५ मध्ये दोन वेगळ्या आपत्ती आहेत. स्पाइक म्हणजे उणे-अधिक २५० व्होल्टचा, अगदी छोटा धक्का. सर्ज म्हणजे १०० व्होल्ट, ५० मिलिसेकंद, ५०० मिलिओहमच्या सोर्समधून. वाहनात बॅटरी जोडलेली असते तोवर ती व्होल्टेज दाबून धरते. ती तुटली आणि एकटा जनरेटर उरला की मोठा लोड सुटताना ही लाट येते. स्पाइकचा आकडा मोठा दिसतो म्हणून सगळे त्याला घाबरतात. भाग जळतात ते सर्जने.

पहिला विचार मनात येतो तो टीव्हीएस डायोडचा, म्हणजे ठरावीक व्होल्टेजच्या वर गेलं की वीज स्वतःमधून वळवून व्होल्टेज दाबून धरणाऱ्या (क्लॅम्प करणाऱ्या) भागाचा. हिशेब करून बघा. समजा टीव्हीएसने व्होल्टेज ४० वर धरलं. उरलेले ६० व्होल्ट अर्ध्या ओहमवर पडले, म्हणजे १२० अँपिअर. टीव्हीएसमध्ये ४० गुणिले १२० म्हणजे ४,८०० वॉट. ते पूर्ण ५० मिलिसेकंद टिकले तर २४० ज्यूल. आता डेटाशीट उघडा. '५ किलोवॉट' असं ठळक छापलेला टीव्हीएस तेवढी शक्ती १०/१००० मायक्रोसेकंदांच्या पल्ससाठी झेलतो, म्हणजे प्रत्यक्षात सात-आठ ज्यूल. फरक तीसपटींचा आहे. त्यातून एकाच बसवर (सामायिक वीज-लाइनवर) पाच-सहा उपकरणं असतील तर ज्याचा क्लॅम्प सगळ्यात खाली, त्याच्याच अंगावर सगळ्यांची ऊर्जा येते.

मग दोन वाटा उरतात.

पहिली वाट सर्ज स्टॉपरची. सिरीजमध्ये एक मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) ठेवायचा, तो एरवी पूर्ण चालू असतो. सर्ज आला की तो लिनियर भागात (अर्धवट चालू स्थितीत) जाऊन पुढचं व्होल्टेज ४० वर अडवतो. आता त्याच्यावर ६० व्होल्ट आणि लोडचे ३ अँपिअर, म्हणजे १८० वॉट, ५० मिलिसेकंदांत ९ ज्यूल. हे झेपणारं आहे, पण सेफ ऑपरेटिंग एरियाचा (किती व्होल्टेज आणि करंट किती वेळ एकत्र झेपतात याचा) आलेख नीट वाचा. तो बहुधा केस २५ अंशांवर धरून काढलेला असतो. केस ८५ अंशांवर आणि जंक्शनची मर्यादा १५० असेल तर क्षमता जवळपास अर्धी उरते. शिवाय स्विचिंगसाठी बनवलेले नवे ट्रेंच मॉसफेट जास्त व्होल्टेज आणि कमी करंट या कोपऱ्यात एकाच जागी तापत जाऊन मरतात, त्यामुळे लिनियर वापरासाठी खास हमी असलेलाच मॉसफेट घ्या. चाचणीत एका सेकंदाच्या अंतराने पाच सर्ज येतात. पहिल्यात वाचलेला मॉसफेट पाचव्यात जाऊ शकतो.

दुसरी वाट म्हणजे कन्व्हर्टरच (इनपुटचं आउटपुट व्होल्टेज बनवणारा मुख्य भाग) असा बनवायचा की १०० व्होल्ट आले तरी तो चालत राहील. मग जास्त व्होल्टेजचे स्विच लागतात, त्यांचा रेझिस्टन्स जास्त, त्यामुळे रोजच्या २८ व्होल्टवर थोडी कार्यक्षमता जाते. माझं मत असं: शंभर-दीडशे वॉटपर्यंत सर्ज स्टॉपर, त्याच्या बराच वर दुसरी वाट. लोड वाढतो तशी सिरीज मॉसफेटवरची ऊर्जा सरळ त्याच प्रमाणात वाढते आणि एका क्षणी तेवढा मॉसफेट मिळेनासा होतो.

टीव्हीएस तरीही लागतोच, स्पाइकसाठी. तो सर्जला जागा होता कामा नये, म्हणून स्टँड-ऑफ (जिथवर तो शांत राहतो ते व्होल्टेज) १०० व्होल्टचा घ्या. असा भाग साधारण १६० व्होल्टला क्लॅम्प होतो. इथे एक सापळा आहे. उणे १६० चा स्पाइक आला त्या क्षणी आतल्या कॅपेसिटरवर ३३ व्होल्ट असू शकतात. उलट्या जोडणीपासून वाचवणाऱ्या मॉसफेटला तेव्हा १९३ व्होल्ट दिसतात. २०० व्होल्टचा भाग कागदावर पुरतो, ८० टक्के डीरेटिंग (छापील मर्यादेच्या ८० टक्क्यांपर्यंतच वापर) लावलं की पुरत नाही. २५० चा घ्या.

३. उलटी जोडणी आणि इनरश

उलट्या जोडणीसाठी साधा शॉट्की डायोड लावला तर क्रँकिंगच्या करंटला त्यातच चार-पाच वॉट जातात आणि आधीच तोकडं असलेलं व्होल्टेज आणखी उतरतं. मॉसफेट आणि आयडियल डायोड कंट्रोलर वापरा. इनरश, म्हणजे चालू करताना उसळणारा करंट, मर्यादेत ठेवण्याचं काम सर्ज स्टॉपरचाच मॉसफेट करू शकतो. हळू चालू होतानाही तो लिनियर भागातच असतो, त्यामुळे सेफ ऑपरेटिंग एरियाचा हिशेब तेव्हाचाही करा.

४. वीज गेल्यावर किती वेळ तगायचं

विमानात एका बसवरून दुसऱ्या बसवर बदल होताना ७०४ नुसार ५० मिलिसेकंदांपर्यंत वीज शून्य असू शकते. तेवढ्यात कॉम्प्युटर रीसेट होता कामा नये अशी अट असेल तर ऊर्जा साठवावी लागते. लागणारी ऊर्जा ११८ गुणिले ०.०५, म्हणजे ५.९ ज्यूल. तेवढंच.

आता हा साठा थेट २८ व्होल्टच्या लाइनवर ठेवून बघा. २८ धरून हिशेब करायचा नाही. ७०४ च्या एफ आवृत्तीत सामान्य स्थितीतली खालची मर्यादा २२ व्होल्ट आहे आणि वीज नेमकी तेव्हाच जाईल असं धरायचं. कन्व्हर्टर १६ व्होल्टपर्यंत चालतो असं समजू. अर्धा गुणिले सी गुणिले (२२ चा वर्ग वजा १६ चा वर्ग), म्हणजे ११४ सी. त्यावरून सी येतो जवळपास ५२,००० मायक्रोफॅरड. एवढ्या कॅपेसिटरांनी अर्धा डबा भरेल.

तोच साठा बूस्ट करून ८० व्होल्टवर ठेवला आणि २० पर्यंत वापरला तर ३,००० सी, म्हणजे सुमारे २,००० मायक्रोफॅरड पुरतात. सर्किट वाढतं, पण आकारमान इतकं घटतं की मला यात कधी दुसरा विचार करावासा वाटत नाही.

त्यावर टॉलरन्सचे उणे २० टक्के आणि वयानुसार होणारी घट धरा. थंडीचा हिशेब वेगळा करा: अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिकची क्षमता उणे ४० अंशांना उतरते आणि ईएसआर (कॅपेसिटरचा स्वतःचा आतला रेझिस्टन्स) कित्येक पटींनी चढतो. त्या तापमानाचे आकडे उत्पादकाकडून मागवून घ्या, सूचीतल्या २० अंशांच्या आकड्यांवर जाऊ नका. साठा परत इनपुटकडे वाहणार नाही यासाठी वेगाने बंद होणारा अडथळा हवा, कारण वीज 'गेलेली' असते तेव्हा बस बरेचदा शॉर्टसारखी दिसते. आणि ८० व्होल्टवर भरलेल्या त्या कॅपेसिटरांत ६ ज्यूलहून जास्त ऊर्जा असते. दुरुस्तीला डबा उघडणाऱ्या माणसाच्या हाताचा विचार करा: साठा हळूहळू रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टर आणि झाकणावर स्पष्ट सूचना, दोन्ही हवेतच.

५. ईएमआय फिल्टर कन्व्हर्टरसोबतच डिझाइन करा

व्यापारी उपकरणांत लाइनवरच्या गोंगाटाची मोजणी बहुधा १५० किलोहर्ट्झपासून सुरू होते, म्हणून तिथे स्विचिंग त्याखाली ठेवून मूळ फ्रिक्वेन्सी लपवता येते. ४६१ च्या सीई-१०२ चाचणीत ती पळवाट नाही. ती १० किलोहर्ट्झपासून १० मेगाहर्ट्झपर्यंत चालते. २८ व्होल्टच्या उपकरणासाठी मूळ मर्यादा १० किलोहर्ट्झला ९४ डेसिबल-मायक्रोव्होल्ट, तिथून उतरत ५०० किलोहर्ट्झला ६० आणि पुढे सपाट. ६० म्हणजे फक्त १ मिलिव्होल्ट.

एवढं दाबायचं म्हणून मोठा एलसी (इंडक्टर-कॅपेसिटरचा) फिल्टर लावला जातो आणि दुसरं संकट उभं राहतं. कन्व्हर्टर स्थिर शक्ती ओढतो: व्होल्टेज उतरलं की करंट वाढतो. म्हणजे इनपुटकडून तो ऋण रेझिस्टन्ससारखा दिसतो, व्होल्टेजचा वर्ग भागिले शक्ती इतका. २२ व्होल्टला ४.१ ओहम, १६ ला जेमतेम २.२. फिल्टरचा आउटपुट इम्पीडन्स याच्या बऱ्याच खाली राहिला नाही तर दोघं मिळून डोलायला लागतात. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे संशोधक मिडलब्रुक यांनी १९७६ मध्ये मांडलेला हा निकष आजही तसाच लागू आहे. १० मायक्रोहेन्री आणि १० मायक्रोफॅरडचा फिल्टर घेतला तर त्याचा स्वभावसिद्ध इम्पीडन्स १ ओहम, पण डॅम्पिंग नसेल तर रेझोनन्सला तो कितीतरी वर जातो. फिल्टरच्या कॅपेसिटरला समांतर, त्याच्या चौपट किंवा जास्त क्षमतेचा दुसरा कॅपेसिटर १ ओहमच्या आसपासच्या रेझिस्टरसह लावा. इलेक्ट्रोलिटिकच्या स्वतःच्या ईएसआरवर डॅम्पिंग सोपवू नका, तो तापमानाबरोबर बदलतो. इम्पीडन्स सगळ्यात कमी व्होल्टेज आणि पूर्ण लोडवर मोजा.

कॉमन-मोडसाठी, म्हणजे दोन्ही तारांवर एकाच दिशेने येऊन डब्यामार्गे परतणाऱ्या गोंगाटासाठी, मांडणी जास्त महत्त्वाची. फिल्टर कनेक्टरला चिकटून, शक्यतो वेगळ्या कप्प्यात. फिल्टरच्या आधीची आणि नंतरची तार शेजारून गेली तर फिल्टर असून नसल्यासारखा. आणि डब्याचे जे पृष्ठभाग एकमेकांना विजेने जोडले जायला हवेत तिथे रंग किंवा अ‍ॅनोडायझिंग नको, वाहक क्रोमेट लेप द्या. हे ड्रॉइंगवर स्पष्ट लिहिलं नाही तर कारखान्यात डबा आतून-बाहेरून रंगवूनच येतो.

६. उष्णतेची वाट आखा

पंखा डोक्यातून काढून टाका. धूळ, वाळू आणि क्षार त्याला खातात, आणि साधारण ५,५०० मीटर उंचीवर हवेचा दाब निम्म्यावर येतो. उष्णता धातूतूनच बाहेर न्यायची.

जंक्शनपासून डब्याच्या भिंतीपर्यंत प्रत्येक सांध्यावर किती अंश चढतात ते मांडा. उदाहरणार्थ, सर्किटचं कार्ड जिथे बसतं ती डब्याची भिंत ८५ अंश. १८ वॉट दोन वेज-लॉकांतून (कार्डाची कडा भिंतीला आवळून धरणाऱ्या पाचरींतून) जातात, प्रत्येकी ९. वेज-लॉक दर वॉटला अर्धा अंश घेत असेल तर ४.५ अंश. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये ६ धरू. मॉसफेटमध्ये ४ वॉट आणि फ्रेमपर्यंत दर वॉटला ३ अंश, म्हणजे १२. बेरीज १०७.५. डीरेटिंगची मर्यादा ११० असेल तर निभावलं, पण अडीच अंशांचीच सवलत उरली. कार्यक्षमता ८५ वरून ९२ केली तर उष्णता निम्म्यावर येते आणि हे सगळे चढ आक्रसतात. म्हणून कार्यक्षमतेचा एकेक टक्का इथे झगडण्यासारखा असतो.

उंचीबद्दल आणखी एक. दाब कमी झाला की हवा सहज फुटते. हवेत ठिणगी पडायला कमीत कमी ३२७ व्होल्टच्या आसपास लागतात. २८ व्होल्टच्या सप्लायमध्ये ही चिंता क्वचितच, पण २७० व्होल्टच्या विमानी बसवर काम असेल तर अंतरं आणि पॉटिंग (भाग रेझिनमध्ये बुडवून गोठवणं) यांचा विचार पहिल्या दिवसापासून.

७. कंपनं आणि धक्के

८१० च्या पद्धत ५१६ मध्ये जमिनीवरच्या उपकरणासाठी नेहमीचा चालू स्थितीतला धक्का ४० जी, ११ मिलिसेकंद. १०० ग्रॅमचा इंडक्टर तेव्हा ४ किलोच्या वजनाइतका ओढतो. फक्त सोल्डरवर तो टिकणार नाही. त्याला स्क्रू, पट्टी किंवा पॉटिंग द्या, उंच कॅपेसिटर इपॉक्सीने बांधा, स्क्रूंना थ्रेडलॉक लावा. बोर्डाची पहिली रेझोनन्स फ्रिक्वेन्सी डब्याच्या दुप्पट किंवा जास्त ठेवा, नाहीतर दोघं एकमेकांना वाढवतात. मोठे सिरॅमिक कॅपेसिटर बोर्ड वाकताना तडकतात आणि बरेचदा शॉर्ट होतात. ते कडेपासून आणि स्क्रूपासून दूर ठेवा आणि लवचीक टर्मिनेशनचे घ्या. इनपुटवर तर दोन सिरीजमध्ये, एकमेकांना काटकोनात लावा.

८. भाग निवडताना

- शुद्ध कथिलाचा मुलामा नको. त्यातून केसासारखे धातूचे तंतू वाढतात आणि शॉर्ट करतात. किमान ३ टक्के शिसं असलेला मुलामा मागा आणि आलेला माल एक्स-रे फ्लुरोसन्सने तपासा.
- घन टँटलम थेट इनपुट लाइनवर लावू नका. इतरत्र निम्म्या व्होल्टेजवर वापरा.
- सिरॅमिक कॅपेसिटरची क्षमता लावलेल्या डीसी व्होल्टेजवर वाचा. ५० व्होल्टचा एक्स७आर २८ व्होल्टवर बरीच क्षमता गमावतो.
- ऑप्टोकपलरचा करंट ट्रान्सफर रेशो वयाने आणि तापमानाने घटतो. फीडबॅकसाठी चुंबकीय आयसोलेशन बरं.
- उपकरण दशकानुदशकं वापरात राहणार आहे. एकाच उत्पादकाचा, पर्याय नसलेला कंट्रोलर घेताना दहादा विचार करा.

पहिलंच काम असेल तर मी मनापासून सांगेन: कन्व्हर्टर तयार, लष्करी तापमानाचा मॉड्यूल म्हणून विकत घ्या आणि स्वतःची सगळी शक्ती पुढच्या भागावर, म्हणजे सर्ज, साठा, फिल्टर आणि उष्णता यांवर लावा.

९. चाचण्या, अधिकृत प्रयोगशाळेत जाण्याआधी

'८१० पास' या शब्दांना एकट्याने काही अर्थ नाही. ते मानक स्वतःच सांगतं की चाचण्या वापराच्या जागेप्रमाणे बेतून घ्यायच्या. कोणती पद्धत, कोणती प्रक्रिया, किती तीव्रता, किती वेळ आणि पास कशाला म्हणायचं, हे चाचणी-आराखड्यात आधी लिहून त्यावर ग्राहकाची सही घ्या.

स्वतःच्या टेबलावर मात्र वाईट गोष्टी एकत्र करून बघा. उणे ४० ला रात्रभर ठेवून, कमीत कमी व्होल्टेज आणि पूर्ण लोडवर चालू करा. जास्तीत जास्त तापमानाला पूर्ण मुरल्यावर पाच सर्ज द्या. कंपनांनंतर सीई-१०२ पुन्हा मोजा: गॅस्केट आणि बाँडिंगचे सांधे सैल होतात आणि आधी पास झालेला डबा नापास होतो.

उत्पादनातल्या प्रत्येक युनिटला स्क्रीनिंग लागतं: तापमानाची चक्रं आणि रँडम कंपनं. कंपनांसाठी अमेरिकी नौदलाच्या १९७९ च्या नॅव्हमॅट पी-९४९२ या पुस्तिकेतला २० ते २,००० हर्ट्झचा, एकूण ६ जी आरएमएसचा आराखडा आजही सर्रास वापरतात. कच्चं सोल्डर आणि सैल क्रिंप त्यात उघडे पडतात.

शेवटी द्यायच्या फायली: स्ट्रेस अ‍ॅनालिसिस, वर्स्ट-केस अ‍ॅनालिसिस, थर्मल अहवाल, एफएमईसीए (कोणता भाग कसा बिघडेल आणि त्याचा परिणाम किती गंभीर, याचं विश्लेषण) आणि विश्वासार्हतेचा अंदाज. अंदाजासाठी मिल-हँडबुक-२१७ ची एफ आवृत्ती अजून मागितली जाते. ती १९९१ ची, शेवटची दुरुस्ती १९९५ ची, त्यामुळे तिचा आकडा दोन डिझाइनची तुलना करायला धरा, प्रत्यक्ष आयुष्य म्हणून नको. चाचणी झालेल्या युनिटमधल्या प्रत्येक भागाचा उत्पादक आणि क्रमांक गोठवा, आणि सोबत एक तक्ता जोडा: कोणता भाग बदलला तर कोणती चाचणी पुन्हा करायची. इनपुट मॉसफेट बदलला की सर्ज, इंडक्टर बदलला की सीई-१०२ आणि कंपनं, थर्मल पॅड बदलला की उष्णता. पहिला भाग बाजारातून गायब होईल त्या दिवशी हा तक्ता हातात असायला हवा.